गॅरेजसाठी हत्यारांची ट्रॉली घेताना

हत्यारे घेताना आमचा मेकॅनिक हात आखडता घेत नाही. पाना चांगल्या कंपनीचाच हवा, पक्कड नाशिकच्या टपारियाचीच हवी, असा त्याचा हट्ट असतो आणि तो हट्ट रास्त आहे. पण तीच हत्यारे ठेवायची कशात, हा प्रश्न आला की रंगाचा रिकामा डबा, मधोमध कापलेला ऑइलचा कॅन नाहीतर जमिनीवर अंथरलेले गोणपाट एवढ्यावर काम भागवले जाते. मुंब्रा-कौसा ते शीळफाटा, कल्याणच्या दुर्गाडीपासून भिवंडीकडे जाणारा रस्ता, ठाण्याची राबोडी, डोंबिवलीचा एमआयडीसी भाग, कुठेही गॅरेजात डोकावले तर हेच चित्र दिसते. उस्ताद गाडीखाली असतो, "चौदाचा दे" म्हणून ओरडतो आणि हेल्पर डब्यात हात घालून खडखडाट करीत राहतो.

या खडखडाटाची किंमत कोणी मोजत नाही. दिवसातून वीस वेळा पाना शोधावा लागला आणि दर वेळी तीन मिनिटे गेली, तर एक तास गेला. दोन माणसांचा मिळून तो दोन तासांचा होतो, कारण एक शोधतो आणि दुसरा वाट पाहतो. महिन्याचा हिशेब वाचकांनी आपापल्या मजुरीप्रमाणे स्वतःच करावा. चाकांवरची ट्रॉली ही शोरूमची चैन आहे, हा समज म्हणूनच आम्हाला पटत नाही. मात्र चुकीची ट्रॉली घेतली तर ती सहा महिन्यांत कोपऱ्यात जाते, तिच्यावर जुने टायर चढतात आणि हत्यारे परत डब्यात येतात. पैसा जातो तो असा.

एक काळ असा होता की कापडाच्या पुरचुंडीत बांधलेल्या पान्यांवर अख्खी गाडी खोलता येत असे. प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेले आमचे बुजुर्ग मेकॅनिक याची साक्ष देतील. ती गाडी बनणे केव्हाच थांबले, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आजच्या गाडीला रिंग पाने आणि गोटी पाने तर लागतातच, शिवाय चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बिट, टॉर्क रेंच, प्लॅस्टिकच्या क्लिपा काढायच्या पट्ट्या, मल्टिमीटर आणि गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर, हे सारे लागते. हत्यारांची संख्या वाढली आणि त्यात नाजूक वस्तू आल्या. स्कॅनर आणि हातोडा एका डब्यात नांदत नाहीत.

बाजारात चकचकीत लाल-काळ्या रंगाची सात खणांची जी पेटी दिसते, तिची घडण मुळात परदेशी गॅरेजची आहे. अमेरिकेत मेकॅनिक नोकरीला लागतो तो स्वतःची हत्यारे घेऊन. नोकरी सोडली की पेटी ढकलत तो दुसरीकडे जातो. एक माणूस, एक पेटी, एक किल्ली असा तिथला मामला आहे. आपल्याकडे हत्यारे सेठची असतात आणि तीन-चार हात तीच वापरतात. सात खण बंद असले की कोणत्या खणात काय हे फक्त एकाला ठाऊक असते, बाकीचे सगळे खण उघडत बसतात. म्हणून एकाहून अधिक माणसांच्या गॅरेजात आम्ही अर्धी उघडी ट्रॉली बरी मानतो. वर कडा असलेला ट्रे, मध्ये दोन किंवा तीन खण, खाली मोकळा कप्पा. रोजचे पाने डोळ्यांसमोर राहतात आणि महागाच्या वस्तू कुलपात.

आता चाकांकडे येऊ. गिऱ्हाईक रंग पाहतो, खण ओढून पाहतो, कुलूप फिरवतो. खाली वाकून चाके पाहणारा शंभरात एखादा. खरे पाहता ट्रॉली निकामी होते ती बहुतेक चाकांमुळेच. चाक अडले की ट्रॉली एका जागी बसते, आणि एका जागी बसलेली ट्रॉली म्हणजे नुसते कपाट.

चाक निवडण्याआधी स्वतःची जमीन पाहावी. आपल्या भागातली गॅरेजे चार तऱ्हेच्या जमिनीवर चालतात: गुळगुळीत कोबा, शहाबादी फरशी, पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याकडेची खडीमिश्रित माती. कोब्यावर ४ इंची चाक पुरते. फरशीच्या सांध्यात, ब्लॉकच्या फटीत किंवा गटाराच्या झाकणाच्या कडेला लहान चाक अडकते, तिथे ५ इंचांपेक्षा कमी घेऊ नये. मातीवर कोणतीच ट्रॉली धड चालत नाही. तिथे आधी चार-पाच फूट रुंदीचा कोबा घालून घ्यावा, ट्रॉलीचे पाहू नंतर.

चाकाचा मालही जमिनीप्रमाणे आणि कामाप्रमाणे ठरतो. नायलॉनचे चाक कडक असते, वजन घेऊनही हलके फिरते, तेल-पेट्रोलने त्याचे काही बिघडत नाही. पण खडबडीत जागी ते धक्के देते, आवाज करते आणि टाइल फोडू शकते. रबराचे चाक मऊ, खडीवरून निमूट जाते. मात्र साध्या रबराला तेल आणि पेट्रोल लागले की ते फुगते आणि भुसभुशीत होते, आणि गॅरेजच्या जमिनीवर तेल नाही असा दिवस नसतो. एकाच जागी महिनाभर वजन घेऊन उभे राहिले तर ते चपटेही होते. पीयू म्हणजे पॉलीयुरेथेनचे चाक या दोहोंच्या मधले. तेल सोसते, आवाज कमी करते. त्याचे दोन दोष मात्र दुकानदार सांगत नाही. लेथचा किंवा ड्रिलचा चुरा त्यात रुतून बसतो, आणि हलक्या प्रतीचे पीयू आपल्या दमट उकाड्यात काही वर्षांत चिरा पडून तुकड्या-तुकड्यांनी गळते. आमच्या मते कोब्यावर इंजिनकाम करणाऱ्याने नायलॉन घ्यावे, फरशीवर आणि ब्लॉकवर काम करणाऱ्याने चांगल्या कंपनीचे ५ इंची पीयू. रबर शक्यतो टाळावे.

चाकाची ताकद ठरवताना एक साधा हिशेब आहे. जमीन सपाट नसली की चारपैकी एक चाक बहुतेक वेळ अधांतरी असते, म्हणून एकूण वजन चाराने नव्हे तर तिनाने भागावे. समजा ट्रॉली ४० किलो आणि हत्यारे ८० किलो, एकूण १२० किलो. एका चाकावर ४० किलो आले. पण उंबऱ्यावरून उतरताना धक्का बसतो, म्हणून दुप्पट धरून ८० किलोचे चाक घ्यावे. प्रत्येक चाकाच्या ताकदीचा आकडा कंपनीच्या पत्रकात छापलेला असतो. दुकानदार "घ्या हो, काही होत नाही" म्हणाला तरी तो आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दोन चाके सरळ आणि दोन फिरती, हा नेहमीचा मेळ. उतार असलेल्या अंगणात तो चांगला, कारण ट्रॉली सरळ रेषेत राहते. अरुंद गाळ्यात मात्र चारही चाके फिरती असली तर ट्रॉली आडवी सरकवता येते. ब्रेक निदान दोन चाकांना हवेत, आणि ब्रेक दाबल्यावर चाकाचे गरगरणे आणि मानेचे वळणे, दोन्ही थांबायला हवे. नुसते चाक थांबले आणि मान वळत राहिली तर ट्रॉली ब्रेक लावूनही डुलते. चाक एका नटावर उभे नसावे, चार बोल्टच्या चौकोनी प्लेटवर बसवलेले असावे.

जागेचा हिशेब पुष्कळांचा राहून जातो. आपल्याकडे १० फुटी गाळा पुष्कळ आढळतो, म्हणजे ३०४८ मिलिमीटर. मारुती स्विफ्टची रुंदी आरसे सोडून १७३५ मिलिमीटर. गाडी मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना जेमतेम २६-२६ इंच उरतात, त्यातच दरवाजा उघडायचा आणि त्यातच माणूस उभा राहायचा. तयार पेट्या पुष्कळदा २७ इंच लांब आणि १८ इंच खोल असतात. १८ इंची पेटी त्या फटीत घातली तर माणसाला ८ इंच उरले. अशा गाळ्यात गाडी एका भिंतीला सरकवून उभी करावी, नाहीतर १४-१५ इंच खोलीची अरुंद ट्रॉली करून घ्यावी. घेण्याआधी जमिनीवर खडूने ट्रॉलीचा चौकोन आखावा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून काम करून पाहावे. खडूला पैसे पडत नाहीत.

उंचीचेही तसेच. उभ्याने बॉनेटमध्ये काम करणाऱ्याला ३४ ते ३६ इंचांवर ट्रे सोयीचा. स्कूटर, मोटारसायकल आणि रिक्षाचे बरेच काम बसून चालते. त्या कारागिराने कमरेएवढी ट्रॉली घेतली तर प्रत्येक पान्यासाठी त्याला उठावे लागेल, आणि आठ दिवसांत तो हत्यारे पुन्हा जमिनीवर मांडील. त्याच्यासाठी दीड ते दोन फूट उंचीची बुटकी ट्रॉली, वर उघडा ट्रे, एवढेच पुरे. अशी ट्रॉली तयार मिळणे कठीण, करून घ्यावी लागते.

करून घेणे आपल्या भागात अवघड नाही. ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. तिथे, डोंबिवलीच्या एमआयडीसीत आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या आसपास पत्रा कापणारे, वाकवणारे, वेल्डिंग आणि पावडर कोटिंग करणारे आहेत. आमच्या वाचकांपैकीच कित्येकांचा हा हुन्नर आहे. फॅब्रिकेशनवाला पुष्कळदा किलोवर भाव सांगतो, म्हणून वजन आधीच काढून ठेवावे. १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटर जाड असतो आणि एका चौरस मीटरला सुमारे ९.४ किलो भरतो. ७५० बाय ४५० मिलिमीटरचे तीन ट्रे, चारही बाजूंना ७५ मिलिमीटरची कड धरून, १.६२ चौरस मीटर पत्रा खातात, म्हणजे १५ किलो. २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा सांगाडा ७-८ किलो. चाके सोडून ट्रॉली २२ ते २४ किलो भरायला हवी. १५-१६ किलो भरली तर पत्रा २२ गेजचा लागला असे समजावे. हा हिशेब कारागिरालाही उपयोगी आहे. गिऱ्हाइकाला वजन लिहून दिले की घासाघीस कमी होते.

पावडर कोटिंगच्या आधी पत्र्यावरचे तेल आणि गंज काढून फॉस्फेटचा थर द्यावा लागतो. टाक्यांत बुडवून हे काम होते. ते टाळून वरवर रंग मारला तर पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यातून पापुद्रे निघतात. ट्रेच्या आतल्या कोपऱ्यात नाण्याने घासून पाहावे. भुकटी पडली किंवा पापुद्रा उठला तर माल परत करावा. स्टेनलेस स्टीलचा आग्रह आम्ही धरणार नाही. ते महाग पडते, आणि ३०४ म्हणून २०२ गळ्यात मारले जाते. चुंबक लावून फरक कळतो असे काहीजण सांगतात, पण या दोन्ही जातींना चुंबक जवळजवळ धरत नाही, त्यामुळे ती परीक्षा इथे कामाची नाही.

खण असतील तर ते बॉल बेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनलवर चालणारे असावेत आणि पूर्ण बाहेर यावेत. अर्धाच उघडणारा खण मागच्या वस्तू गिळून बसतो. चॅनलची ताकदही किलोत छापलेली असते. लाकडी फर्निचरला लावतात ते हलके चॅनल गोटी पान्यांच्या संचाने महिन्याभरात वाकतात. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात मात्र खणांची ट्रॉली घेऊच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्राइंडरची आणि पुट्टीची धूळ चॅनलमध्ये शिरते आणि खण दगडासारखे घट्ट होतात.

खणांच्या ट्रॉलीत एक धोका आहे, आणि तो हेल्परच्या पायाचा आहे. तीन भरलेले खण एकदम उघडले की सारे वजन पुढे येते आणि ट्रॉली तोंडावर पडते. चांगल्या पेट्यांत एक खण उघडा असताना दुसरा उघडत नाही अशी आतून अडसर असते. दुकानातच दोन खण ओढून पाहावे. अडसर नसेल तर जड माल सर्वांत खाली आणि एका वेळी एकच खण, हा नियम पहिल्या दिवसापासून लावावा. ३० किलोचा जॅक ट्रॉलीवर ठेवू नये. पेट्रोल, थिनर आणि कार्ब क्लीनरही ग्राइंडरच्या शेजारी खणात नकोत.

इलेक्ट्रिक रिक्षा आणि स्कूटर आता आपल्याही गॅरेजात येऊ लागल्या आहेत, मागोमाग मोटारीही येतील. मोटारीच्या उच्च दाबाच्या बॅटरीचे काम शिकलेल्या माणसानेच करावे. त्या कामाची इन्सुलेशनवाली हत्यारे, ज्यांच्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असे छापलेले असते, ती वेगळ्या खणात ठेवावीत. इतर पान्यांत मिसळली की त्यांच्या आवरणाला चरे पडतात, आणि चरा पडलेले हत्यार त्या कामाचे राहत नाही.

आपल्याकडचा पाऊस विसरून चालणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कल्याण-बदलापूर पट्ट्यात उल्हास नदीने काय केले हे ज्यांची दुकाने बुडाली त्यांना सांगायला नको. जुलै २०१९ मध्येही त्या काठाने पाणी पाहिले. भरलेली १२० किलोची ट्रॉली ऐनवेळी माळ्यावर चढत नाही. म्हणून वरचा ट्रे किंवा छोटी पेटी उचलून नेता येईल अशी असावी, आणि स्कॅनर, टॉर्क रेंच, मल्टिमीटर त्यातच असावेत. सखल भागातल्या गॅरेजवाल्याने सर्वांत खालच्या कप्प्यात महागाची वस्तू ठेवूच नये. पूर नसला तरी दमट हवा आहेच. खणात पुठ्ठा अंथरण्याची सवय सोडावी, तो ओल धरतो आणि पाने खालून गंजतात. रबरी मॅट घालावी आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उचलून पुसावी.

तयार माल पाहायचा तर मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जावे. एका गल्लीत दहा तऱ्हा पाहायला मिळतात आणि भावाचा अंदाज येतो. दारूखान्यात कधी कधी जहाजावरची जुनी, जाड पत्र्याची पेटी हाती लागते. ती दणकट असते, पण किल्ली आणि चॅनल तपासल्याशिवाय घेऊ नये, आणि चाके बहुधा नवी बसवावी लागतात. जीएसटी नोंदणी असेल तर पक्के बिल आपल्या नंबरावर घ्यावे, भरलेला कर वजा मिळतो. कंपोझिशन योजनेत असणाऱ्याला तो मिळत नाही, त्याने करासहित किंमतच खरी धरावी.

हप्त्यांबाबत थोडे. "व्याज नाही" अशा पाटीखाली प्रोसेसिंग फी असते किंवा रोखीची सूट गेलेली असते. रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज शेजारी लिहून पाहावी. ज्यांना व्याजाच्या व्यवहारात पडायचे नाही त्यांना सोपी वाट आहे, ट्रॉली टप्प्याने करावी. या वर्षी सांगाडा, ट्रे आणि उत्तम चाके. मधल्या ट्रेला बोल्टची भोके आधीच पाडून घ्यावीत. पुढच्या वर्षी त्याच भोकांवर दोन खणांची पेटी बसते. उलट क्रमाने, म्हणजे आधी खण आणि मग कधीतरी चाके, असे मात्र करू नये.

सरकारकडून हत्यारांसाठी १५,००० रुपये मिळतात अशी चर्चा गॅरेजांतून कानावर येते. ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची आहे. तिच्या १८ व्यवसायांत मोटार मेकॅनिक नाही. लोहार, कुलूपवाला आणि हातोडा व टूलकिट बनवणारा हे आहेत. तेव्हा मेकॅनिकने फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत. पण ट्रॉली बनवणाऱ्या लोहार बांधवांनी स्वतःसाठी चौकशी जरूर करावी.

ट्रॉली आली की पहिल्याच दिवशी ट्रेमध्ये प्रत्येक हत्याराच्या बाहेरून ऑइलपेंटने रेघ ओढून घ्यावी. संध्याकाळी शटर ओढण्याआधी एक नजर टाकली की रिकामी रेघ लगेच दिसते. हरवलेला पाना चोरीलाच गेला असे नाही, तो पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या इंजिनमध्येच राहिलेला असतो, आणि गाडी दुकानातून जाण्याआधी ते कळलेले बरे. रात्री ट्रॉलीला साखळी आणि कुलूप हवे, कारण जी वस्तू चाकांवर आत येते ती चाकांवर बाहेरही जाते. दिवसा ती फुटपाथवर सोडू नये, अतिक्रमण पथकाची गाडी आली की भरलेली ट्रॉली भरलेलीच उचलली जाते.

घेतानाच त्याच कंपनीची दोन फिरती चाके जास्तीची घेऊन ठेवावीत. प्रत्येक कंपनीच्या प्लेटची भोके वेगळ्या अंतरावर असतात. दोन वर्षांनी एक चाक गेले आणि तो नमुना बाजारात नसला, तर एका चाकासाठी चारही बदलावी लागतात.